करडईच्या तेलातला हात

मामंजींचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत धुतलेल्या काचनळ्या उलट्या लावून ठेवत होते. फोन उचलताच ते ओरडले. ते नेहमीच ओरडतात. फौजेत तोफखान्यात होते, डावा कान तिथंच ठेवून आले.

"फोटूला बुरशी लागलीया! तू रसायनवाली हाईस न्हवं? कायतरी औषद सांग!"

मी सांगलीत वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवते. माझ्या सासरी, म्हणजे वडूजपासून जरा आत असलेल्या गावात, याचा अर्थ असा घेतात की जगातली कुठलीही वस्तू बिघडली तर सूनबाईला विचारायचं. विहिरीचं पाणी मचूळ झालं, भिंतीचा पोपडा निघाला, शेळीच्या कातडीवर डाग पडला, सगळे प्रश्न माझ्याकडे येतात. त्यातल्या निम्म्यांची उत्तरं मला येत नाहीत, पण मामंजींचा विश्वास काही कमी होत नाही. ते मला 'प्रोफेसरीण' म्हणतात आणि गावात कुणी भेटलं की माझ्या पगाराऐवजी माझ्या कपाटातल्या बाटल्यांचं वर्णन करतात.

"मामंजी, कुठल्या फोटोला?"

"मोठ्या! माझ्या खांद्यावर पांढरं फटफटीत आलंया. कडंला रिठ्याचं पाणी लावून बघितलं. आदी फडकं काळं झालं, मग लाल झालं. तवा थांबलो."

लाल म्हणजे रंगच सुटत होता. "आता अजिबात काही लावू नका. मी शनिवारी येते."

घरात त्याला सगळे फोटो म्हणत असले तरी ते तैलचित्र आहे. पन्नासेक वर्षांपूर्वीचं. मामंजी तेव्हा नुकते फौजेत लागले होते, लग्नही नवंच. अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये भिंतीवर मोठमोठी तैलचित्रं टांगलेली त्यांनी पाहिली होती आणि आपलंही असं एक असावं हे डोक्यात घेऊनच ते सुट्टीवर आले. योगायोगानं शेजारच्या खोलीत एक तरुण ड्रॉइंग मास्तर भाड्यानं राहत होते. वडूजच्या शाळेत शिकवायचे, रोज सायकलनं जायचे. त्यांनाही कुणाचंतरी मोठं चित्र काढायची हौस होती. काय देऊ विचारल्यावर त्यांनी मामंजींकडं एक पोतं करडई मागितली. घरच्याच रानातली होती, दिली.

चित्रात मामंजी शाळेतल्या लाकडी खुर्चीवर बसलेत. अंगात वर्दी, टोपी मांडीवर, मिशी अगदी कोवळी. मागं आत्याबाई उभ्या आहेत, म्हणजे माझ्या सासूबाई. एकोणीस वर्षांच्या. लाल लुगडं, डोक्यावरून पदर, एका हातानं पदराचा काठ धरलेला. दुसरा हात खुर्चीच्या पाठीमागं गेलेला. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हापासून हे चित्र मधल्या खोलीत आहे. त्या खोलीला खिडकी नाही, आणि पलीकडं चूल. गॅस आल्यावर धूर थांबला, पण तोवर चित्र जुन्या चहासारखं तपकिरी होऊन गेलं होतं. वीस वर्षं मी त्याच्याखालून ताटं घेऊन जात होते. कधी थांबून पाहिलं नाही.

शनिवारी मी एकटीच गाडी घेऊन निघाले. नवरा बँकेच्या कामानं बाहेरगावी होता. विटा, मायणी करत दुपारपर्यंत पोचले. मामंजींनी चित्र आधीच उतरवून सोप्यात उजेडाला आणून ठेवलं होतं, खाली घोंगडं अंथरून. शेजारी ते स्वतः उभे, पेशंटच्या नातेवाइकासारखे.

कॉलेजातून मी भिंग आणलं होतं. मुलांना स्फटिक दाखवायचं असतं तेच. मोबाइलचा टॉर्च एका बाजूनं तिरका धरला, म्हणजे पृष्ठभागावरचे उंचवटे दिसतात, आणि गुडघ्यावर बसून पाहू लागले.

बुरशी नव्हती. सगळ्या चित्रावर बारीक तडे होते, केसासारखे. एवढ्या वयाच्या चित्रावर ते असणारच. पण वर्दीच्या डाव्या खांद्यावरचे तडे वेगळे होते. ते रुंद होते, कडा गोलसर, जणू रंग दोन्ही बाजूंनी आक्रसून मागं सरकला होता. त्या फटींतून खालचा फिकट रंग दिसत होता. पांढरा नाही, गव्हाळ. मी भिंग बाजूला ठेवलं आणि जरा लांबून पाहिलं. चार पट्टे खांद्यावरून पुढं आलेले, शेजारी शेजारी, आणि पाचवा जरा आखूड, मागं वळलेला.

"मामंजी," मी म्हटलं, "ही बुरशी नाही. हा हात आहे."

"भात?"

"हात! हात! कुणाचातरी हात तुमच्या खांद्यावर काढलेला होता. नंतर वरून वर्दीचा रंग लावून झाकलाय."

स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

मामंजी चित्राजवळ वाकले. बराच वेळ त्यांनी खांदा निरखला. मग स्वतःच्या खऱ्या खांद्याकडं एकदा पाहिलं. "कुणाचा गं?"

आत्याबाई दारात आल्या, हाताला पीठ लागलेलं. चित्राकडं न बघता मला म्हणाल्या, "पुसून टाक की ते. कशाला उकरतीस? चल, भाकरी गार हुतीया."

"आत्याबाई, तुम्हाला काही माहीत आहे?"

"माज्या काय ध्यानात न्हाई." आणि त्या आत गेल्या. त्या दिवशी त्यांची एक भाकरी करपली. वीस वर्षांत मी त्यांची करपलेली भाकरी पाहिली नव्हती.

जेवताना मी मामंजींना विचारलं, ते मास्तर आता आहेत का?

"हाय की. कराडजवळ मलकापुरात, ल्योकाकडं. दिवाळीला फोन करतोय दरसाल. माजा कान आसला, त्येचा आवाज बारीक. दोगं बी नुसतं हॅलो हॅलो करतो आन ठिवतो." मग त्यांना एकदम हुरूप आला. "उद्या जाऊया! त्येनं काढलंय, त्योच दुरुस्त करंल."

आत्याबाई म्हणाल्या, "मी न्हाई येत. मला दळाण हाय."

सकाळी मी चित्र स्वच्छ धोतरात गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर उभं ठेवलं. धक्का बसला तर रंगाचे कपचे उडतील याची मला धास्ती होती, म्हणून सीटबेल्ट लावू पाहत होते. तेवढ्यात आत्याबाई बाहेर आल्या. ठेवणीतलं पातळ नेसलेल्या. मागं बसल्या, चित्राची चौकट दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाल्या, "हळू चालीव."

कराडपर्यंतच्या वाटेत मामंजी एकटेच बोलत होते. मी आरशातून अधूनमधून मागं पाही. आत्याबाई खिडकीबाहेर बघत होत्या, पण चौकटीवरचा हात त्यांनी एकदाही काढला नाही.

मास्तरांचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. त्यांच्या सूनबाईंनी दार उघडलं. मास्तर गॅलरीजवळ खुर्चीत बसले होते, पांढरा लेंगा-सदरा, हाडकुळे. मामंजींनी त्यांना मिठी मारली आणि दोघंही एकदम मोठ्यानं बोलू लागले. मी चित्र सोडवून समोर टेकवलं तेव्हा मास्तर माझ्याकडं वळले.

"बाई, मला डोळ्यांच्या मधोमध काहीच दिसत नाही आता. कडेकडेचं दिसतं. तुमचा चेहरा बघायला मला तुमच्या कानाकडं बघावं लागतं." ते हसले. "चित्र जवळ आणा. हातानं बघू?"

खरं तर जुन्या चित्राला बोटं लावू देऊ नयेत. घामातली आम्लं, तेलकटपणा, एखादा सुटू पाहणारा कपचा. तरीही मी चित्र त्यांच्या गुडघ्यांजवळ सरकवलं. त्यांनी हात सदऱ्याला पुसले आणि बोटांची टोकं इतकी हलकी फिरवली की मला वाटलं, ती टेकतही नाहीत. लुगड्यावरून, खुर्चीवरून, टोपीवरून. खांद्यापाशी आल्यावर बोटं थांबली. पुन्हा मागं गेली. एकेका पट्ट्यावरून फिरली.

"आला होय वर," ते हळूच म्हणाले.

मी म्हटलं, "मास्तर, मला फक्त एक सांगा. हाताला कुठलं तेल वापरलं होतं आणि वरच्या रंगाला कुठलं?"

त्यांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नसावा. "तुम्ही चित्रं काढता?"

"नाही. रसायनशास्त्र शिकवते."

"मग तुम्हाला सांगायला मजा आहे. ट्यूबमधला रंग घट्ट यायचा, तो सैल करायला तेल लागतं. जवसाचं वापरतात. पण जवसाचं तेल पिवळं पडतं, चेहरा काविळीसारखा दिसायला लागतो. म्हणून चेहऱ्याला आणि हाताला मी करडईचं वापरलं. यांच्याच करडईचं. घाण्यावरून काढून आणलं, बाटलीत पाण्याबरोबर घुसळून धुतलं आणि पत्र्यावर उन्हात ठेवलं. महिनाभर. अर्ध्या तेलाची आमच्या बायकोनं भजी तळली, ती गोष्ट वेगळी."

"आणि वरचा थर?"

"वर्दीचा रंग. त्यात तपकिरी माती होती, आणि जवस. लवकर वाळतो." ते थांबले. "मुलांना मी जन्मभर सांगितलं, खालचा थर पुरता वाळल्याशिवाय वरचा लावायचा नाही. आणि स्वतः काय केलं? हात अजून चिकट होता. चार दिवसांचा. त्याच्यावर थापला."

मला सगळं कळलं. वर्गात शिकवलेली गोष्ट अशी समोर खुर्चीला टेकून उभी असल्याचं मला फार सुख झालं, हे कबूल करते. मी मामंजींना आणि आत्याबाईंना समजावून सांगू लागले. पाणी उडून जातं तसं तेल उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन आत ओढून घेतं, त्याचे रेणू एकमेकांत हात घालतात, आणि पातळ तेलाची चामडी होते. जवसाचं तेल हे काम भराभर करतं, करडईचं सावकाश. तपकिरी मातीत मँगनीज असतं, त्यामुळं घाई आणखी वाढते. म्हणजे वरचा थर वाळून कडक झाला आणि खालचा अजून ओलाच होता. पुढं खालचा हळूहळू आक्रसत गेला, वरच्याला ते सोसेना, तो फाटला.

मामंजी मान हलवत होते; त्यांना किती ऐकू आलं देव जाणे. आत्याबाई मात्र एकदम म्हणाल्या, "म्हंजी भाकरीवानी. वरनं पाणी फिरवायला उशीर झाला की वरचं पीठ आदी सुकतंय, आत वलं ऱ्हातंय. मग तव्यावर फाटती."

"अगदी तसंच," मी म्हटलं. त्या दिवसानंतर मी वर्गात हेच उदाहरण देते.

"त्ये समदं ऱ्हाऊ दे," मामंजी म्हणाले. "हात कुणाचा त्ये सांगा."

मास्तरांनी तोंड आत्याबाईंच्या दिशेला वळवलं, म्हणजे त्यांच्या कानाच्या दिशेला. "वहिनी, सांगू का?"

आत्याबाईंनी पदर सारखा केला. "सांगा की. आता रागवायला कोण ऱ्हायलंय?"

मास्तर सांगू लागले. मामंजींचं चित्रण सुट्टीतच झालं होतं. आठ दिवस ते शाळेच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसले आणि मग परत ड्यूटीवर गेले. आत्याबाईंचं नंतर झालं, घरच्या अंगणात. तीच रिकामी खुर्ची समोर ठेवायची, तिच्यामागं यांनी उभं राहायचं. जवळ त्यांच्या सासूबाई सुपात काहीतरी निवडत बसलेल्या.

"तिसऱ्या दिवशी त्या आत गेल्या पाणी आणायला," मास्तर म्हणाले. "तेवढ्यात वहिनी मला म्हणाल्या..."

"मी सांगती," आत्याबाई म्हणाल्या. आणि मामंजींकडं वळून बोलू लागल्या, पण इतक्या हळू की मलाही नीट ऐकू आलं नाही. मामंजींनी उजवा कान पुढं केला. "काय?" त्यांनी पुन्हा सांगितलं. "काय म्हंतीस?"

तेव्हा त्या सत्तरीच्या बाईनं डोळे मिटून घेतले आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मी मास्तरांस्नी म्हणलं हुतं, माजा हात ह्येंच्या खांद्यावर ठिवा म्हणून!"

मास्तरांच्या सूनबाई चहाचा ट्रे घेऊन दारात होत्या. त्या तिथंच उभ्या राहिल्या.

एकदा बोलायला सुरुवात केल्यावर आत्याबाई थांबल्या नाहीत. लगीन झालं आन तुमी पंधरा दिवस हुता. नंतर एकदा सुट्टी, ती बी समदी पाव्हण्यारावळ्यात गेली. तुमचं तोंड कसं हाय त्ये मला दिवसा उजेडी धड म्हाईत न्हवतं. मास्तरांनी फळीवर तुमास्नी काढलं, तवा मी पयल्यांदा नीट बघितलं. रोज हुबं ऱ्हायचं आन बघायचं. मला वाटलं, निदान फोटूत तरी हात लावावा.

"मी काढला," मास्तर म्हणाले. "माझं सगळ्यात चांगलं काम तेच होतं. मी दोन दिवस फक्त तो हात रंगवला. मग यांच्या सासूबाईंनी पाहिलं. मला काही बोलल्या नाहीत. वहिनींना बोलल्या."

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"फौजंतल्या दाल्ल्याच्या खांद्यावर हात टाकून हुबी ऱ्हाती, लोकं काय म्हंत्याल, म्हणाल्या," आत्याबाई म्हणाल्या. "पाव्हणं फोटू बघायला यायचं हुतं दुसऱ्या दिवशी. तवा मास्तरांनी दुपारच्याला झाकून टाकला."

मामंजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "मला पत्रात का न्हाई कळवलंस?"

"पत्र थोरल्या भाऊजींकडनं लिवून घ्यायची. त्येंस्नी काय सांगू?"

यावर मामंजी हसले. मोठ्यानं हसले, तसेच बराच वेळ हसत राहिले, आणि नंतर ते हसणं थोडं बिघडलं. मास्तरांच्या सूनबाईंनी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि त्यांना पाण्याचा पेला दिला. आत्याबाई गॅलरीतून हायवे बघत बसल्या. त्यांचे कान लाल झाले होते.

चहा झाल्यावर मामंजींनी विचारलं, वरचा रंग काढून टाकता येईल का? हात पुरता मोकळा करता येईल का?

मास्तरांना मोह झालेला मला दिसला. पण त्यांनी हात पुढं करून दाखवला, तो थरथरत होता. मी म्हटलं, कुणीच करू नये. वरचा थर टणक झालाय आणि खालचा आधीच नाजूक. जो द्रव वरचा विरघळवेल तो खालच्याला आधी खाईल. शिवाय हाताच्या रंगात मिसळलेल्या पांढऱ्यात जस्त असतं. तेलातल्या आम्लाशी जस्ताची गाठ पडली की आतल्या आत साबण तयार होतो, त्यानं थर ठिसूळ होतो, सुटतो.

"साबण?" मामंजी दचकले. "मी तर निस्ता रिठा लावलेला!"

"तुमच्या रिठ्याचा यात काही दोष नाही. लुगड्याचा लाल रंग मास्तरांनी तेल कमी घालून लावला होता, तो तुमच्या फडक्याला लागला."

"टर्पेंटाइन जास्त घातलं होतं," मास्तर लगेच म्हणाले. "तेल संपलं होतं. भजी."

निघताना मामंजी मास्तरांना म्हणाले, तू झाकलास त्ये बरंच झालं गड्या. म्हाताऱ्या मंडळीत तिला तरास झाला आसता. मास्तर म्हणाले, नीट वाळू दिला असता तर कधीच वर आला नसता. मला इतकी वर्षं त्या घाईची लाज वाटायची.

परत आल्यावर चित्र कुठं लावायचं हा प्रश्न उभा राहिला. इथं मी अडले. तेलाचा पिवळेपणा अंधारात वाढतो आणि उजेडात उतरतो. एकदा मुलांकडून मी हा प्रयोग करून घेतला होता: काचेच्या दोन पट्ट्यांवर जवसाचं तेल पातळ फासून एक खिडकीत ठेवली, एक कपाटात. काही महिन्यांनी कपाटातली पिवळीधमक झाली, खिडकीतली जवळजवळ पाण्यासारखी राहिली. आणि गंमत म्हणजे कपाटातली खिडकीत आणल्यावर तीही हळूहळू उजळली. म्हणजे मधल्या खोलीतून चित्र सोप्यात आणलं तर मामंजींचं आणि आत्याबाईंचं तोंड स्वच्छ होणार. धुराचं सोडा, तो वरचा मळ; पण तेलातलं पिवळं तरी कमी होणार. मात्र जो उजेड पिवळं काढतो तोच लाल खातो. लुगड्याचा तो लाल रंग आधीच दुबळा होता. दोन्ही एकदम मिळणार नव्हतं.

मी हे दोघांना सांगितलं. ठरवा म्हटलं.

मामंजी म्हणाले, लुगड्याचं तिला इचार. आत्याबाई शेंगा फोडत होत्या. "लुगडं काय, तवाच इटलं हुतं," त्या म्हणाल्या. "नवं दिसावं म्हणून मास्तरांनी लाल केलंय. फिक्कं पडलं तर खरं दिसंल. उजेडात लावा."

सोप्यातल्या उत्तरेच्या भिंतीवर लावलं, ऊन थेट येणार नाही अशा जागी. मी दर खेपेला मोबाइलवर एकाच जागेवरून फोटो काढून ठेवते. पावसाळ्यानंतरच्या फोटोंत चेहरे खरंच उघडू लागलेले दिसतात. त्या हिवाळ्यात मात्र एक दिवस आत्याबाईंचा फोन आला. त्या स्वतः कधी फोन करत नाहीत.

"बोटाची कपची पडली," त्या म्हणाल्या. "झाडताना गावली. कुकवाच्या करंड्यात ठिवलीया."

तेव्हा मी पुण्याहून जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या एका बाईंना आणलं. त्या दोन दिवस घरी राहिल्या. माशाच्या गोंदाचं पातळ पाणी बारीक कुंचल्यानं सुटलेल्या रंगाखाली सोडायचं आणि कोमट केलेल्या धातूच्या पातीनं हलकेच दाबायचं, एवढंच त्या करत होत्या, तासन्‌तास. करंड्यातली कपची त्यांनी चिमट्यानं उचलून जागेवर बसवली. आत्याबाई सगळा वेळ त्यांच्याजवळ पाटावर बसून होत्या आणि दर अर्ध्या तासानं त्यांना काहीतरी खायला देत होत्या. काम संपत आलं तेव्हा त्या बाईंनी रीतीप्रमाणं विचारलं की तडे रंगानं भरून खांदा एकसारखा करून देऊ का? तसं करता येतं, कुणाला कळणारही नाही.

मामंजींना मला मोठ्यानं सांगावं लागलं. ऐकल्यावर ते इतक्या जोरात "न्हाई!" म्हणाले की त्या बाईंच्या हातातला कुंचला खाली पडला.

गेल्या उन्हाळ्यात मास्तर गेले. मामंजी मलकापूरला जाऊन आले. मास्तरांच्या मुलानं त्यांना एक चपटी बाटली दिली, तळाशी घट्ट झालेलं, मधासारखं काहीतरी. ती मी सांगलीला माझ्या कपाटात ठेवली आहे, वर चिठ्ठी लावून. तिच्यावर काही प्रयोग करावा असं कधीकधी वाटतं, पण अजून झाकण उघडलं नाही.

मामंजी आता घरी येईल त्याला चित्रापुढं नेतात आणि सगळी हकीकत सांगतात: करडई, भजी, मँगनीज, पाव्हणं. मँगनीजचा उच्चार त्यांनी माझ्याकडून तीनदा घोकून घेतलाय. मागच्या खेपेला मी गेले तेव्हा गॅसची टाकी घेऊन आलेला माणूस सोप्यात उभा होता, टाकी अजून खांद्यावर, आणि मामंजी त्याला तिरका टॉर्च धरून बोटं मोजून दाखवत होते. आत्याबाई आतून ओरडल्या, "आवं, त्येला टाकी तर खाली ठिवू द्या!" पण त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात दोन चहा होते, एक मामंजींचा आणि एक त्या माणसाचा, आणि तो पीत असताना त्या दारालाच टेकून पुढची हकीकत ऐकत उभ्या राहिल्या.